गाडीखालची माझी जागा

धार आधी जाड पडते. अंगठ्याएवढी, काळीभोर, अंगावर गरम वाफ घेऊन ती घमेल्यात उतरते, आणि सकाळचं तिरपं ऊन गाडीच्या पोटाखाली शिरलेलं असेल तर धारेच्या कडा काकवीसारख्या तांबूस दिसतात. मग ती बारीक होत होत सुतासारखी होते, शेवटी नुसते थेंब... एक, मग बऱ्याच वेळाने दुसरा. गोणपाटावर उताणं पडून, नाकात जळक्या ऑईलचा आणि ओल्या मातीचा एकत्र वास घेत मी ते थेंब मोजायचे. शेजारी अण्णा असायचे, तसेच उताणे. दोघांच्याही तोंडावर गाडीचं पोट.

अण्णा म्हणजे माझे वडील. परतूरला वकिली करायचे. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत त्यांनी एक जुनी फियाट घेतली, मोतिया रंगाची, आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही असं ठरवून टाकलं. मिस्त्री लोक कामापेक्षा बिघाड जास्त करतात हे त्यांचं ठाम मत होतं, आणि अण्णांचं मत म्हणजे आमच्या घरात निकालच. ऑईल ते स्वतः बदलायचे, अंगणात, वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी. गाडीचा मीटर केव्हाच बंद पडलेला होता, त्यामुळे ती किती चालली हे ठरवायचं काम पंचांगाकडे होतं. अष्टमीला ऑईल बदलायचं, खंडेनवमीला गाडी धुऊन तिची शस्त्रासारखी पूजा करायची, आणि दसऱ्याला आष्टीला काकांकडे सोनं द्यायला जायचं — हा क्रम कधी मोडला नाही.

त्या दिवसांत हवेत झेंडूचा वास असायचा, वेचणीला आलेल्या कापसाची चर्चा घरोघर असायची आणि सकाळी अंगाला किंचित गार लागायचं. अण्णा आधी गाडी स्टेशनापर्यंत फिरवून आणायचे. ऑईल गरम झाल्याशिवाय तळाचा गाळ निघत नाही. मग पुढची दोन्ही चाकं जाड लाकडी पाट्यांवर चढवायची, मागच्या चाकांना दगड लावायचे, आणि आम्ही दोघं खाली सरपटायचो. अण्णा पान्याने तळाचा नट सोडवायचे. धार सुटली की नट आणि त्यावरची तांब्याची चकती — मिस्त्री तिला वायसर म्हणतात, आम्हीही वायसरच म्हणायचो — माझ्या हातात यायची. ते दोन्ही रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसून, चकती नटावर चढवून परत द्यायचं, हे माझं काम. नवं ऑईल ओतून झालं की मापाची काडी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची, आणि अण्णा विचारायचे, "काय म्हणती काडी?"

मी म्हणायचे, "बराबर."

मी 'बराबर' म्हटल्याशिवाय ते बॉनेट लावत नसत. नवव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत, चार दसरे. घरात मला विचारून काहीच होत नसे, ना भाजी, ना फ्रॉकचं कापड. पण गाडीखाली मला विचारलं जायचं. मी तिथे फार सुखात होते. हात दोन दिवस काळे राहायचे, नखांत वास मुरायचा, आई ओरडायची, आणि मी शाळेत मुद्दाम बोटं पुढे करून बसायचे.

तेराव्या वर्षीच्या नवरात्रात मी पहिल्यांदा बाजूला बसले.

अंगणाकडच्या पडवीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. आईने चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि ती स्वयंपाकाला निघून गेली. दुसऱ्याच दिवशी अष्टमी होती. अंगणात पाटे ठेवल्याचा आवाज आला तशी मी सवयीने जुना फ्रॉक घालून निघाले. पडवीच्या पायरीवर आत्याबाईंनी अडवलं. आत्याबाई अण्णांच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असायच्या.

"काय करून राह्यली गं? उद्या पूजा हाय गाडीची. तिला हात लावायचा न्हाई, सावली बी पडू द्यायची न्हाई."

मी अण्णांकडे बघितलं. ते गोणपाट अंथरत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "विलास, तू ये रे जल्दी," त्यांनी माझ्या धाकट्या भावाला हाक मारली.

एवढंच. रागावले असते, समजूत घातली असती, 'पुढच्या वर्षी' म्हणाले असते तरी चाललं असतं. त्यांनी फक्त दुसरं नाव घेतलं.

विलासला काळ्या ऑईलची शिसारी होती. पडवीतून मला गाडीखालचे दोघांचे पाय दिसत होते, आणि घमेल्याशेजारी विलासचे हात. त्याने चिमटीत नट धरला, कसाबसा पुसला आणि दिला. मी कायम दोन वस्तू पुसायचे. त्याने एकच पुसली.

"अण्णा, वायसर घेतला का?" मी ओरडले.

"घेतला, घेतला."

"विलासनं पुसलाच न्हाई. घमेल्यात पडला असंल. बघा ना."

"घेतला म्हणलं ना! आता वकिलाला साक्ष शिकवती का?" गाडीखालून आवाज आला, आणि त्यात हसू होतं. आत्याबाई म्हणाल्या, "तू तिकडं तोंड कर गं, गाडीकडं टक लावू नको." मी तोंड फिरवून बसले. माझं ऐकलं नाही याचा राग तर होताच; पण मी तोंड फिरवलं याचा राग आजही जास्त येतो.

नवमीला अंगणात सडा पडला, गाडीवर बादल्या ओतल्या गेल्या, तेव्हा खाली ऑईल ठिबकलेलं कुणाला दिसायचं? बॉनेटवर स्वस्तिक निघालं, चाकांखाली लिंबं आली, आणि आत, स्टिअरिंगच्या पुढे, देवीच्या तसबिरीसकट झेंडूचा जाडजूड हार या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. ऑईल कमी झालं की पेटणारा तांबडा दिवा नेमका त्या हाराखाली गेला. दसऱ्याला सगळे आष्टीला निघाले. बाजूला बसलेली मुलगी सोनं द्यायला जात नाही, म्हणून मी घरी, आत्याबाईंबरोबर.

दुपार कलताना गाडी आली ती ट्रॅक्टरच्या मागे, दोरखंडाने बांधलेली. हार अजून तसाच होता. वायसर नसलेला नट खड्ड्याखड्ड्याने सुटत जाऊन रस्त्यात कुठेतरी पडला होता. ऑईल वाहून गेलं, हाराखाली दिवा पेटला असणार, आणि अर्ध्या वाटेवर इंजिन जाम झालं.

"नट ढिला झाला," अण्णा म्हणाले.

"इतकी वर्षं न्हाई झाला तो?" आत्याबाई म्हणाल्या. "सावली पडली पोरीची. मी बराबर सांगितल्तं."

संध्याकाळी सोनं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलं गेलं. बायका पडवीकडे बघून मान हलवायच्या. पुरुष नुसते बघायचे. अण्णा खुर्चीत बसून आपट्याची पानं घेत होते, देत होते, आणि ऐकत होते.

पाचव्या दिवशी न्हाऊन झाल्यावर मी आधी कोठीत गेले. जुनं ऑईल तिथे डब्यात भरून ठेवलेलं असे; चौकटींना वाळवी लागू नये म्हणून ते फासायचे, गाडीवानही चाकांना न्यायचे. मी कोपरापर्यंत हात घातला. तळाच्या गाळात बोटांना ती चकती लागली तेव्हा मला रडूच फुटलं... आनंदाने. आता सुटले, असं वाटलं. तसाच काळा हात घेऊन मी बैठकीत गेले आणि अण्णांच्या टेबलावर ती ठेवली.

अण्णा पुराव्याचा माणूस. पक्षकार रडून काही सांगू लागला की म्हणायचे, "रडू नका, कागद दाखवा." मी कागदापेक्षा पक्की वस्तू आणली होती. त्यांनी ती उचलली, उलटसुलट केली, उजेडाकडे धरली. त्यांना कळलं. कळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

मग त्यांनी खण उघडला, ती आत टाकली आणि खण लावला.

"जाऊ दे," ते म्हणाले. "आत्याबाईला काय समजावून सांगायचं ह्या वयात? तू बी आता कुठं बोलू नको. हात धू, जा."

आत्याबाईंचं वय त्यांनी पुढे केलं. मला मात्र माहीत होतं की मिस्त्र्यांना नावं ठेवणाऱ्या वकीलसाहेबांना स्वतःची चूक गावात नको होती. सावली बरी होती. सावलीला काही बोलता येत नाही. मला त्या दिवशी अण्णांची किळस आली. वडिलांबद्दल असं लिहायला लाज वाटते, पण आली.

गाडी जालन्याहून दुरुस्त होऊन आली. पुढच्या दसऱ्याला माझा काहीच अडसर नव्हता, तरी हाक विलासलाच गेली. मीही गेले नाही.

आता मी जालन्यात नोकरी करते. छोटी गाडी आहे, तिचं ऑईल मी घरीच बदलते, पंचांग न बघता, कोणत्याही दिवशी. त्या चार दिवसांतही, किंबहुना मुद्दाम. शेजारचे काका विचारतात, "काय ताई, गावातले मिस्त्री संपले का?" विलास पुण्याला असतो आणि बॉनेट कुठून उघडतं हेही विसरला आहे.

काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही परतूरला जमलो होतो. अण्णा थकले होते, आत्याबाई जाऊन बराच काळ झाला होता. माझी नऊ वर्षांची मुलगी त्यांच्या मांडीला टेकून गोष्टी ऐकत होती, आणि अण्णा फियाटची गोष्ट सांगत होते, रंगवून, हातवारे करून: "अन् मंग काय, तुझ्या आईचा विटाळ झाला ना गाडीला! जागीच बसली की!" सगळे हसले. तीही हसली, आजोबा हसतात म्हणून.

मी चहाचा कप खाली ठेवला. "अण्णा, वायसर राहिला होता. मी आणून दिला होता तुमच्या हातात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलताना अण्णांचा डावा डोळा किंचित बारीक व्हायचा, लहानपणापासून ओळखीचा होता मला. तो तसाच उघडा होता, निर्मळ. "कोणता वायसर गं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. इतक्या वेळा सांगून सांगून त्यांच्यापुरतं ते तसंच घडलं होतं. ज्या एका कबुलीसाठी मी एवढी वर्षं मनात कुढत बसले, ती द्यायला आता त्यांच्यापाशीच काही उरलं नव्हतं.

परत येताना मुलगी माझ्या शेजारी पुढे बसली होती. परतूर मागे पडल्यावर ती म्हणाली, "आई, विटाळ म्हणजे काय?"

"काही नसतं तसं."

ती माझ्याकडे वळली. "मग आजोबा खोटं बोलले?"

ते खोटं बोलत नव्हते, हे मी दोन तासांपूर्वी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"हो," मी म्हणाले.

बरं वाटेल, असं वाटलं होतं. ती खिडकीकडे तोंड करून बसली. त्या दिवाळीनंतर ती आजोबांच्या मांडीला टेकून कधी बसली नाही, आणि ती का बसत नाही हे अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही.