औषध मारलेले कपडे

वर्षाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडून बसलो होतो. "विलास गेला," एवढंच ती म्हणाली. आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?" तो इस्पितळात आहे हे मला माहीत होतं, आदल्याच संध्याकाळी मी त्याला काचेतून पाहिलं होतं. पण चाळिशीतला, दगड पचवणारा माणूस तापानं जातो हे डोकं मानायलाच तयार नव्हतं. महिना उलटून गेला, अजून मानत नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा रागही येतो... असं अर्ध्यात उठून जायचं असतं का?

अमेरिकेत, ओहायोमधल्या डब्लिन गावात विलास, त्याची बायको वर्षा आणि मी शेजारी; विलास आणि मी एकाच ऑफिसात. विलास यवतमाळकडचा, कपाशीच्या शेतात वाढलेला. मी पुण्याचा, डासाखेरीज आजवर काही मारलेलं नाही. आमच्या टीममधल्या डेव्हनं त्याला शिकारीचा नाद लावला. इथे वसंतात टर्कीची शिकार असते. टर्की म्हणजे कोंबडीची थोराड, संशयी आत्याबाई. तिच्यासाठी पहाटेपासून पानांच्या छापाचे कपडे घालून, झाडाला पाठ टेकून, न हलता बसायचं. "यार, एवढं गप तर मी बोहल्यावरही बसलो नव्हतो," असं विलास म्हणायचा. अडचण एकच, त्या गवतातल्या गोचिडी. आपल्याकडे गोचीड गुरांच्या कानाला लागते, तिला कोण भितो! इथली माणसांना चावते, आणि त्यांच्यातली एखादी असा ताप देते की वेळेवर कळला नाही तर माणूस जातो. म्हणून डेव्हनं त्याला शिकवलं होतं. शिकारीच्या कपड्यांवर एक खास फवारा मारायचा, कपडे टांगून वाळवायचे; मग गोचीड कापडावर चढली की लुळी होऊन गळून पडते. अंगाला लावायचं नाही, फक्त कापडाला. विलास हे काम गॅरेजचं दार उघडं टाकून, पूजेला बसल्यासारखं मन लावून करायचा.

यंदा त्याच सुमारास गावाहून त्याची आई आली. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. गॅरेजमधल्या दोरीकडे बोट दाखवून विलास म्हणाला, "आई, त्याले हात नको लावू हं, औषध मारलं आहे." झालं. आपल्या भाषेत रोग्याला पाजायचं तेही औषध आणि कपाशीवर फवारायचं तेही औषधच. काकूंच्या घरात त्या दुसऱ्या औषधानं एक माणूस गेलेला. त्यांचा धाकटा दीर फवारणी करून आला, त्याच कपड्यांत दुपारचा आडवा झाला आणि उठलाच नाही. हे त्यांनी आम्हाला जेवताना, भाकरी मोडता मोडता सांगितलं. विलास हसून म्हणाला, "अगं, ते वेगळं, हे वेगळं." काकूंनी मान डोलावली. काकू मान डोलावतात तेव्हा त्यांना पटलेलं नसतं, हे मला आता कळतं.

त्यानंतर तो दर शनिवारी रानात जात राहिला. परतल्यावर काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू, कंबर, सगळं नीट तपास, असं डेव्ह त्याला बजावायचा. विलासला तो शुद्ध बायकीपणा वाटायचा. "माझा शर्ट आहे ना, एकदम बुलेटप्रूफ!" मग एका सोमवारी त्याला ताप भरला. त्यानं भारतातून आणलेल्या गोळ्या घेतल्या. ताप उतरेना, डोकं फुटायला आलं, तेव्हा मीच त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, गोचीड चावली का? "शक्यच नाही," विलास इतक्या ठामपणे म्हणाला की मलाही ते खरं वाटलं. "कपडे ट्रीट केलेले असतात माझे." मनगटांवरचं पुरळ त्याच्या सावळ्या अंगावर उशिरा दिसलं. योग्य गोळी सुरू झाली तोवर तो माणसं ओळखेनासा झाला होता...

पुढचं लिहू का, असं मी वर्षाला विचारलं.  ती म्हणाली, "लिही. इथे दर उन्हाळ्यात कुणाची ना कुणाची आई येतेच. फक्त आमची नावं बदल." नावं बदलली आहेत. काकू आता गावी आहेत, त्यांना वाचता येत नाही. कुणी ओळखलंच, तर कृपा करून त्यांना हे वाचून दाखवू नका.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं म्हणून आम्ही काहीजण गॅरेजमध्ये खुर्च्या टाकून बसलो. दोरीवर ते कपडे तसेच होते, उतरवायला कुणाचा हात धजावला नव्हता. डेव्ह त्यांच्याकडे एकटक बघत होता. "हे कसं झालं?" तो मला इंग्रजीत म्हणाला. "फवारा त्यानं माझ्यासमोर मारला होता. सीझनभर टिकायला हवा होता." काकूंना बोलणं समजलं नाही, पण तो कपड्यांकडे बघतोय एवढं समजलं. त्या शेजारी येऊन बसल्या.

"गेला तो गेला बाप्पा," त्या म्हणाल्या. "पन एक समाधान आहे मले. ते अवशीद मी माह्या लेकाच्या अंगाले लागू देलं नाही. तुम्ही हापिसात गेले की दर खेपेले सोड्याच्या कढत पान्यातून काढले कपडे, दोन-दोन डाव. अन् वाळवून होते तसेच टांगले. त्याले पत्ताच लागू देला नाही."

दारात चहाचा ट्रे घेऊन वर्षा उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. 

"काय म्हणाल्या त्या?" डेव्हनं विचारलं.

"म्हणाल्या... मी त्याची खूप काळजी घेतली."

डेव्हचे डोळे भरून आले. "त्यांना माझं थँक यू सांग," तो म्हणाला. मी सांगितलं.

काकूंनी दोरीवरच्या शर्टाची सुरकुती हातानं सारखी केली. "त्यात कायचं थँक्यू?" त्या म्हणाल्या. "माय काहाले असते मंग?"