कोरगावचा मुका नायक

पेडणे-म्हापसा मार्गावरच्या खासगी बसचा कंडक्टर कृष्णनाथ याला आपल्या आवाजाचा भारी अभिमान. आपण हाक मारली की पुढच्या थांब्यावरचे लोक पिशव्या उचलतात, असे तो स्वतःच सांगे. त्याच्या कोरगावच्या उत्सवातल्या नाटकात राजाचे कामही त्याच्याकडेच असे. राजा जरा बुटका दिसे, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू येई.

म्हणूनच भाची गौरवी पणजीहून येऊन म्हणाली, "मामा, आमच्या व्हिडिओ गेममधल्या नायकाला तुझा आवाज दे," तेव्हा त्याला वाटले, हिला इतका उशीर कसा लागला? गेम साधा होता. खेळणारा नायक होऊन गावात हिंडायचा, लोकांनी काही विचारले की समोर आलेल्या उत्तरांतले एक निवडायचा. ते उत्तर कृष्णनाथच्या आवाजात उमटणार होते.

बंद खोलीत तो माइकसमोर उभा राहिला. "आजी, भिऊ नकोस, मी आलोय!" हे वाक्य त्याने असे फेकले, की ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. कृष्णनाथला वाटले, गडी भारावला. मग तिकिटाबरोबर प्रत्येक प्रवाशाला ही बातमीही मिळू लागली.

पुढे गौरवीचा फोन आला. "मामा, रागावू नकोस. गेम काहीजणांना खेळायला दिला होता. एक मुलगी म्हणाली, उत्तर मी निवडते आणि बोलतो भलताच कुणी काका. मग मी कोण?"

"म्हणजे?"

"नायक मुका ठेवतोय. म्हणजे खेळणाऱ्याला तो आपणच वाटतो."

"आणि माझा आवाज?"

"मार बसल्यावरची किंकाळी ठेवलीय. ती सगळ्यांना आवडली."

गेम आला. बस सुटायला वेळ होता, तेव्हा ड्रायव्हर विठूने मोबाइलवर तो लावला आणि नायकाला मुद्दाम रेड्याच्या अंगावर घातले. "आवय गे!" कृष्णनाथचा आवाज बसभर घुमला.

"राजा पडलो रे!" विठू ओरडला. बस हसली. कृष्णनाथ दोन फेऱ्या फुगून बसला. तिसऱ्या फेरीला विठूने पुन्हा रेडा गाठला, तेव्हा मात्र कृष्णनाथने स्वतःच मागून जोडीची किंकाळी ठोकली.

रविवारी तो घरी एकटाच खेळायला बसला. वाघ आला म्हणून आजी रडत होती. पहिले उत्तर तेच, ज्याच्यासाठी त्याने गळा ताणला होता. नायक गप्प उभा होता, वाट बघत. कृष्णनाथने सगळी उत्तरे वाचली. मग त्याने हळूच शेवटचे उत्तर दाबले: "आजी, मला जरा पेडण्याला काम आहे."

"वाचवलीत का म्हातारीला?" बायको प्रभावतीने आतून विचारले.

"नाही. सटकलो."

"मग नायक अगदी तुमच्यावर गेलाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रवाशांना त्याने हेही सांगितले, पूर्ण आवाजात.