एका आमिषाला दोघी

धरणाचं पाणी गढूळ होतं, म्हणून माझ्या थोरल्या भावाने डबीतून आमिष म्हणून दोन गळांचा पिवळाधमक नकली मासा निवडला.

“हळू ओढ, मधेच थांब,” दादा मला शिकवत होता. “जखमी मासा वाटला पाहिजे.”

थोड्या वेळाने खरंच मरळ लागली. तिला काठावर धरताना ती उसळली आणि आमिषाचा दुसरा गळ माझ्या अंगठ्यात रुतला. आता आम्ही दोघी एकाच आमिषाला अडकलो होतो. ती तडफडली की कळ माझ्या खांद्यापर्यंत जायची. मी हात झटकला की तिचा जबडा फाटायचा.

“दाबून धर तिला!” पक्कड शोधत दादा ओरडला.

मी तिला छातीशी धरलं. तिचे कल्ले माझ्या तळव्याखाली उघडत-मिटत होते. कुणाचं अडकणं इतक्या जवळून मी कधी अनुभवलं नव्हतं, घरातल्या माणसांचंही नाही. आपण सुटायला धडपडतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला कुणाला लागतं, हे कुठे कळतं?

दादाने पक्कड माझ्या अंगठ्याकडे आणली.

“आधी तिला,” मी म्हणाले.

“अगं, आजचं कालवण आहे ते!”

“आधी तिला सोडव, दादा.”

दादाने तिच्या जबड्यातला गळ काढला आणि मरळ पाण्यात गेली. माझ्या अंगठ्यात खोल रुतलेला गळ मात्र पकडीने निघेना, म्हणून तो तसाच घेऊन मी दवाखान्याकडे निघाले. दुखत होतं, पण आता पलीकडून कुणी ओढत नव्हतं.