तिला गाडीत बसायचं नव्हतं

रामदासपेठेतल्या दवाखान्यात बायकोची बायपास झाली आणि त्यानंतर घरात तिला कोणी पाण्याची बादली उचलू देईना. सगळ्यांत पुढे मी. ती जिना चढली की मी मागोमाग, ती वाकली की मी धावलो. डॉक्टर म्हणाले, सगळं ठणठणीत आहे, भरपूर चाला. ती रोज अंबाझरी तलावावर फिरायला जाऊ लागली आणि एक दिवस म्हणाली, "फाट्यापासून बाईच्या शेतावर पायी जाते मी."

बाई म्हणजे तिची मोठी बहीण, भिवापूरकडची. दवाखान्यात हिचा हात धरून ती रडली होती, "आता तू पहिल्यासारखी होत नाही वं." ते हिच्या जिव्हारी लागलं होतं.

जानेवारीत आम्ही बसने उमरेडच्या पुढे एका फाट्यावर उतरलो आणि शेतांमधल्या पांदणीने निघालो. दोन्हीकडे तूर, मधेच गहू, कोवळं ऊन. इतकं बरं वाटत होतं की काळजीचं बोलणं मी चक्क गिळून टाकलं.

पण आमच्याकडे पायी चालणाऱ्याला कोणी सुखाने चालू देत नाही. पहिला मोटरसायकलवाला थांबला, "काकू, काहून पायी जाऊन राहिल्या? एसटी चुकली काय?" दुसऱ्याने आमचं भांडण झालं असं गृहीत धरून मलाच चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. ही प्रत्येकाला हसून एकच सांगे, "नाही गा दादा, मले चालाचं आहे."

मी हौसेने नवे बूट घातले होते. दुपारपर्यंत दोन्ही टाचा सोलून निघाल्या. तेवढ्यात मिरचीची पोती भरलेला ट्रॅक्टर आला.

"तुम्ही बसा," ती म्हणाली.

"अन् तू?"

"मी येते ना मागून."

"मागून नाही, पुढं चाल," मी म्हणालो आणि लाजलज्जा सोडून पोत्यांवर चढलो. ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, "हळू घे गा, दिसली पाहिजे." तो खो खो हसला, पण त्याने तसंच केलं.

पदर खोचून ती पुढे चालत होती. विणकराची लेक, मागावर पाय चालवत मोठी झालेली. मी शिंकत होतो, डोळ्यांतून पाणी काढत होतो आणि वर्षभरात पहिल्यांदाच मला तिची काळजी वाटत नव्हती. उलट फार अभिमान वाटला.

शेतात बाई मिरच्या निवडत होती. हिला पायी येताना पाहून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "अवं माय!" म्हणत ती धावत शेतातल्या घरात गेली आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. "बस, बस आधी!"

ही उभीच राहिली. ट्रॉलीतून लंगडत उतरणाऱ्या माझ्याकडे तिने बोट दाखवलं.

"खुर्ची ह्यांले दे, बाई. मले काय झालं?"