जीपच्या पोटाला पिवळा रंग

रविवार, दिवाळीनंतरचा पहिला. ठिकाण: कसबा बावड्यातलं माझ्या दिराचं गाड्या धुण्याचं सेंटर. हजर: मी, माझा नवरा, दीर आणि सासरे. शिवाय सासऱ्यांची जुनी जीप, रॅम्पवर चढवलेली.

येत्या गुरुवारी आरटीओत जीपचं पासिंग होतं. खालून गंजलेली गाडी पास झाली नाही तर भंगारात द्यायची, असं नवऱ्याने जाहीर केलं होतं. गुडघ्यांमुळे सासऱ्यांची मोटारसायकल आधीच सुटली होती. जीपही गेली, की उसाकडे फेरी मारायला रोज कुणाच्या तरी मागे बसून जायचं. म्हणून ते सगळ्यांच्या आधी येऊन रॅम्पखाली स्टूल टाकून बसले.

दिराने हातोडीने सांगाडा ठोकून बघितला. सगळीकडून खणखणीत आवाज आला.

"गंज वरवरचा हाय. आतनं म्हातारं टणक हाय."

"कोण म्हातारं?" सासऱ्यांनी विचारलं.

"जीप, आबा."

तारेच्या ब्रशने गंज काढून झाला. चाकं, ब्रेक, सायलेन्सर मी वर्तमानपत्र आणि टेप लावून झाकले. आता फक्त गंज रोखणारं कोटिंग मारायचं होतं. हे फवाऱ्याने मारतात, वाळल्यावर ते रबरासारखं चिवट होतं, आणि त्यात हवा तो रंग मिसळता येतो. हे शेवटचं दिराने सासऱ्यांसमोर बोलायला नको होतं.

"काळाच मारू," नवरा म्हणाला. "खालनं कोण बघतंय?"

"मी बघतोय की. काळ्यात गंज दिसतोय व्हय? पिवळा घाल."

"आबा, जीप हाय ती, नवरी न्हवं."

"तुझ्या गाडीला मार काळा. माझीला हळद लागू दे."

डब्यात ढवळल्यावर मात्र हळदीचं पिठलं झालं. दीर फवाऱ्याची गन हातात घेऊन माझ्याकडे वळला. "वहिनी, भाकरी आणलीसा काय?"

आणली होती. पण हात धुतल्याशिवाय मिळणार नव्हती.

रंगाचे दोन हात मारून झाले, जेवणं झाली, कोटिंग वाळलं. सासऱ्यांनी आधी नखाने, मग स्क्रू ड्रायव्हरने ओरखडून बघितलं. चरा उठेना. "आता ह्याला काय हुत न्हाय," म्हणत त्यांनी मागून आणखी अर्धी भाकरी घेतली.

तेवढ्यात नवऱ्याने पासिंगच्या एजंटला फोन लावला. एजंटने एकच विचारलं: चेसिस नंबर स्वच्छ दिसतोय ना? सांगाड्यावर कोरलेल्या त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यावा लागेल.

आम्ही चौघं खाली वाकलो. सगळीकडे पिठलं.

इतक्या वर्षांच्या चिखलात तो नंबर कुणाला दिसलाच नव्हता, त्यामुळे झाकायचं कुणाच्या मनात आलं नाही. नवरा म्हणाला, पुढच्या उजव्या चाकापाशी. दीर म्हणाला, मागे. सासरे म्हणाले, "डाव्या बाजूला. घेतली तवा म्या बघितलाय." तिघांचीही खात्री होती. दिराने घाम गाळून मागे रुपयाएवढी जागा सुरीने खरवडली. खाली नुसतं लोखंड.

सासऱ्यांनी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. "भोकं पाडून गाडी नापास करताय काय? आदी जागा ठरवा."

मी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, अशीच दुसरी जीप कुणाकडे आहे? तिच्या खाली बघून येऊ."

अशी जीप कळंब्यात एका नातेवाइकांकडे आहे. पण एका लग्नात त्या पावण्यांनी सगळ्यांदेखत सासऱ्यांना, आता हे डबडं विका, असा सल्ला दिला होता. तेव्हापासून बोलणं बंद.

"फोन ह्यो करंल," सासऱ्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"जीप तुमची, आबा. फोन तुमीच करायचा."

मी फोन लावून सासऱ्यांच्या हातात दिला. पलीकडून "हॅलो" आलं आणि त्यांनी तो कापला. म्हणाले, उद्या करतो. आज मंगळवार, पासिंग परवा. फोन करायचा राहिला आहे.