पाद्री एकटा गायला

गाणं सुरू करण्याआधी तो डोळे मिटायचा. गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, समोर कॉलेजची पोरं शिट्ट्या मारतायत, आणि हा बाबा मान खाली घालून उभा. पोरांना वाटायचं, याला चढली आहे. तो प्रार्थना करत असायचा. म्हणून बँडमध्ये आम्ही त्याचं नाव पाद्री ठेवलं. त्याच्या चर्चमध्ये त्याला हिप्पी म्हणत, कारण केस खांद्यापर्यंत वाढलेले. दोन्ही नावांना तो सारख्याच आनंदाने ओ द्यायचा.

नव्वदच्या दशकातलं बंगळूर. मी बास गिटार वाजवायचो, नागराज ड्रम, आणि पाद्री गाणी लिहायचा नि गायचा. त्याचे वडील नगरहून इथल्या कारखान्यात नोकरीला आलेले. माझं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे तोंड फिरवून हसतात. पाद्रीची गाणी इंग्रजीत असायची, पण डोळे मिटून पुटपुटायचा ते मराठीत. एकदा स्टेजवर शेजारी उभा असताना मला ते ऐकू आलं. "प्रभू, आवाज फाटू देऊ नकोस. आणि नागराजला सावकाश वाजवायची बुद्धी दे." मी जो हसत सुटलो तो पहिलं कडवं संपेपर्यंत. आमची दोस्ती जमली ती तेव्हापासून.

मी पीण्या या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला होतो. रविवारी मालक तिथली शेड आम्हाला सरावाला द्यायचा. अट एकच, शटर खाली पाहिजे. वर तापलेला पत्रा, खाली तेलकट फरशी, आणि मधे आम्ही तिघं चार-चार तास कोंडलेले. पाद्री घामाने निथळत गायचा आणि मधेच म्हणायचा, "देवाला ऐकू जातंय की नाही ठाऊक नाही, पत्र्याला नक्की जातंय." आठवडाभर लेथसमोर उभं राहायचं बळ मला त्या चार तासांतून मिळायचं. खोटं कशाला सांगू, दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे.

बासच्या नव्या तारा सहज मिळत नसत. जुन्या झाल्या की आवाज बसायचा. पाद्रीने उपाय शोधला, तारा उकळत्या पाण्यात टाकायच्या. मळ सुटतो आणि आवाज पुन्हा खणखणीत होतो. एका सकाळी आमच्या स्वयंपाकघरात त्याने हातात आलेलं पहिलं पातेलं गॅसवर चढवलं. ते नेमकं दुधाचं. आई आत आली आणि बघतच राहिली. "काय शिजवतोयस रे?"

"संगीत, अम्मा," हा शांतपणे म्हणाला. "स्वल्प मीठ घालू?"

आईने दुसऱ्या दिवशी पातेलं बदललं. त्याला मात्र नाश्त्याला बसवूनच घरी पाठवलं.

सुरुवातीला आम्ही एका पबमध्ये वाजवायचो. तिथे लोकांना विलायती बँडची ऐकलेली गाणी हवी असत. पाद्रीने आपलं गाणं सुरू केलं की मॅनेजर मनगटावरचं घड्याळ दाखवायचा. "तुमचं देवाचं काय ते रविवारी सकाळी म्हणा," असं एकदा त्याने तोंडावर सांगितलं. मग पाद्री आम्हाला रविवारी सकाळी चर्चमध्ये घेऊन गेला. तिथे बाप्तिस्मा न झालेले दोघे कसे चालतील, असा प्रश्न निघाला. "ते नसतील तर मीही नाही," एवढंच पाद्री बोलला. पाळकांनी परवानगी दिली, पण थॉमस अंकल नावाच्या एका वडीलधाऱ्यांना अॅम्प्लिफायरशेजारी खुर्ची टाकून बसवलं. गाणं रंगात आलं की अंकल हळूच हात लांब करून आवाज कमी करायचे. पाद्री गाता गाता पायाने बटण गाठायचा नि वाढवायचा. अंकल पुन्हा कमी करायचे. उपासना संपल्यावर दोघं एकमेकांशी अगदी प्रेमाने हस्तांदोलन करायचे.

एका रविवारी सराव संपवून आम्ही दोघं पीण्याच्या स्टॉपवर बसची वाट बघत होतो. तो एकदम म्हणाला, "मला एकट्याने गाऊन बघायचंय. नुसती साधी, बिनविजेची बॉक्स गिटार घेऊन."

"आणि मी काय करू? लेथपुढे कीर्तन?" मी थट्टेत बोललो, पण माझा आवाज थट्टेचा नव्हता. त्याने तो ओळखला.

"बरं, राहू दे," तो म्हणाला.

त्या 'राहू दे'वर मी आणखी दोन वर्षं काढली. पबवाल्याने त्याला अडवलं, अंकलनी अडवलं, हे मी चवीने सांगत फिरायचो. मी त्याला अडवलंय, हे मात्र स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

मग मला कावीळ झाली. दीड महिना अंथरुणावर. पाद्री रोज संध्याकाळी उसाचा रस घेऊन यायचा आणि उशाशी बसून बॉक्स गिटारवर गायचा. एक दिवस त्याने आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं घेतलं, ज्यावर पोरं खुर्च्यांवर चढून नाचायची. तो ते इतकं सावकाश गायला की अर्धं गाणं होईपर्यंत मला ओळखूच आलं नाही.

"हे असं आहे?"

"असंच लिहिलं होतं. पप्पा गेले त्या आठवड्यात."

त्याच्या वडिलांच्या मरणाच्या गाण्यावर मी डोकं हलवत, जीभ बाहेर काढून वाजवलं होतं. "अरे, मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

"तुम्हाला वाजवताना मजा येत होती ना," तो म्हणाला. त्यात कुरकुर नव्हती. असती तर मी भांडलो असतो.

बरा झाल्यावर मी त्याला सांगितलं, "डॉक्टर म्हणतायत वजन उचलायचं नाही. बास बंद."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. पाद्रीने माझ्याकडे पाहिलं. "बास किती जड असतो रे?"

"खूप."

"आणि लेथवरचं लोखंड?"

"ते हलकं असतं," मी म्हणालो. त्याने मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. नागराजला सांगितलं तर तो म्हणाला, "सरी गुरू," म्हणजे ठीक आहे दोस्त, आणि आठवड्याभरात एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात रुजू झाला.

पाद्रीचा पहिला एकट्याचा कार्यक्रम येलहंकाला एका छोट्या हॉलमध्ये झाला. जेमतेम चाळीस माणसं. मी मागच्या रांगेत बसलो. वडिलांचं गाणं त्याने शेवटी घेतलं, तेच सावकाश. माझ्या पुढच्या बाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. संपल्यावर तो सगळ्यांना ओलांडून थेट माझ्याकडे आला. "खरं सांग. बासशिवाय कुठे रिकामं वाटलं?"

'हो' म्हणायची तयारी मी बसमध्येच करून आलो होतो. एवढा तरी माझा हक्क होता.

"नाही," मी म्हणालो. "कुठेच नाही."

त्याचा चेहरा असा फुलला की तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. मग त्याला लोकांनी घेरलं. मी तिथेच बसून राहिलो. सहा वर्षं मी त्या गाण्यात होतो, आणि त्या गाण्याला माझी गरज कधीच नव्हती.