काचेवरची टिकली

शिवदास भरतीबरोबर बार्ज घेऊन आमोण्याहून निघाला असेल, आणि त्याच्या केबिनमधली ती टिकली माझ्या मनातून जात नाही.

गोवा राज्य झाले त्या वर्षी तो दोडामार्गहून इथे आला, सतरा वर्षांचा. खाणीवर पाट्या वाहिल्या, मग खनिज वाहणाऱ्या बार्जवर खलाशी, मग ती चालवणारा तांडेल. थोरला भाऊ कृष्णनाथ वाळूत रुतून कललेल्या बार्जखाली गेला; तिसऱ्या दिवशी सापडला. खाणी बंद होत्या त्या वर्षांत शिवदास लोकांच्या माडांच्या भाटात नारळ पाडायचा. पुन्हा बार्ज मिळाली ती केबिनमधल्या संगणकाच्या पडद्यासकट.

तो पडदा माझ्या मुलाने, रुद्रेशने केलेला. वास्कोच्या ऑफिसात त्याला अजून कायम केलेले नाही. तळाखाली किती पाणी आहे हे दाखवणारा डायल त्याने तयार घेतला नाही, स्वतः काढला. रात्री पडद्याच्या उजेडाने नदी दिसेना, म्हणून तांडेलांनी काळी थीम मागितली. मागचा रंग काळा झाला, काटा पांढरा झाला. आकड्यांचा काळा रंग मात्र रुद्रेशने कोडमध्ये पक्का लिहिलेला. तो तसाच राहिला, काळ्यावर काळा.

शिवदासने तक्रार केली नाही. दिवसा पांढऱ्या थीमवर दोन मीटरचा आकडा बघून त्याने तिथे काचेवर बायकोची टिकली चिकटवली. काटा टिकलीला टेकला की इंजिन मंद करायचे. सोमवारी भेटला तेव्हा मी पडद्याचे विचारले.

"आकडे दिसनत नाय, वयनी. विमलाची टिकली दिसता."

आकडे दिसत नाहीत, एवढेच मी रुद्रेशला कळवले. टिकलीचे सांगायचे राहिले. आज संध्याकाळी त्याचा फोन आला.

"डायल दुप्पट मोठा करून सगळ्या बार्जना पाठवला, आई. आता शेंबड्या पोरालाही दिसेल."

काळ्या थीमवर तपासलास का, विचारले, तर चिडला. ऑफिसात सगळे पांढऱ्यावरच काम करतात म्हणाला.

त्या पडद्याचा नमुना माझ्या फोनवर आहे. मघाशी थीम काळी करून पाहिली. आकडे नाहीत, नुसता मोठा पांढरा काटा. टिकली जुन्याच जागी असणार, पण डायल वाढताना त्याचा मध्य सरकला आहे; पांढऱ्या थीमवर ताडून पाहिले, तर तिथे आता दोन नाही, अर्ध्या मीटरची खूण येते.

रुद्रेशला सांगितले तर सकाळी दुरुस्त करतो म्हणेल. शिवदासला सांगितले तर तो बार्ज नांगरून ठेवेल, मालक कारण विचारेल, आणि माझ्या मुलाचे नाव पुढे येईल. तासभर मी हेच करत बसले आहे. तेवढ्यात ती बार्ज नदीतून किती पुढे गेली असेल.

रुद्रेशला मागाहून सांगेन. आधी शिवदासला फोन लावते.